मधला खण

शनिवारची रात्र. हलमधलं हे चिंचोळं घर.
निळा डबा फाटकाशी नेऊन ठेवला,
उद्याचे बूट पॉलिशला घेतले.
टपालाच्या फटीतून घुसणाऱ्या वाऱ्यालाही
मी पायपुसण्यावर थांबवते.

आई म्हणायची, प्रभू कधीही येईल,
भांडी तरी घासलेली असू देत.
राहुरीच्या दोन खोल्यांत तिच्या गोधड्याही
गुडघे टेकल्यासारख्या घडी होऊन असत.

मीही तसंच ठेवलंय सगळं:
डाळी, औषधं, विजेची बिलं वर्षावार.
फक्त मधला खण
ओढला की अर्ध्यावर अडतो.
आत शांतवनची चार पत्रं,
आईच्या मातीनंतरची. न फोडलेली.

उद्या चर्चमध्ये वाचन माझं.
दान वेदीपुढेच राहू दे,
आधी भावाकडे जा, असं काहीसं.
मोठ्यानं सराव करताना
जीभ तिथेच अडली, अर्ध्यावर.

मग मेणबत्तीचा तुकडा घेऊन
खणाच्या कडांना घासत बसले.
सरकला.

तिकडे आता पहाटेचे साडेतीन.
तो झोपलेला असेल. मी जागीच राहते.
पहिलं पत्र मांडीवर,
एक बूट चमकतोय,
दुसरा तसाच, चिखलासकट.