शीग

कोंडा विकला चौदा टन,
कोंड्याची खरेदी शून्य.
नोटीस सभ्य भाषेत एवढंच विचारते:
मग आला कुठून?

इंदुमती रहांगडाले मिलच्या दारात उभी,
भुवयांवर तूस.
पट्टा फटफट करतो म्हणून ओरडून बोलते,
"धानातूनच येते नं भाऊ कोंडा.
साहेबाले मालूम नाई का?"

मी अर्जुनीहून फटफटीवर आलोय,
पिशवीत कायदा, शिक्का, दोन केळी.
समजावतो.
लोक धान आणतात, तुम्ही भरडून देता.
पैसे घेत नाही, कोंडा ठेवून घेता.
ही अदलाबदल झाली.
पुरवठा म्हणजे विक्री, हस्तांतर, विनिमय, अदलाबदल,
कायदा एका दमात म्हणून टाकतो,
शेवटचे दोन शब्द तुमच्याच मिलवर नजर ठेवून.
मोबदला नाण्यातच हवा असं नाही,
कोंडाही चालतो.
फक्त त्याची किंमत लिहायची,
त्या दिवशीची, खुल्या बाजारातली,
अनोळखी माणसानं अनोळखी माणसाला
दिली असती ती.

"अनोळखी मानूस," ती म्हणते
आणि रांगेकडे पाहते.
रांगेत डोमा कापगते, त्याची सून,
एक पोरगा पोत्यावरच झोपलेला,
मागे तळ्याकडच्या मोहल्ल्यातली सगुणा नान्हे,
ओल्या फडक्यानं झाकलेली पाटी घेऊन.
"याइच्यातला कोनता लिवू?"

सगुणाकडे धान नाही.
ती मासळी देते, तांदूळ नेते.
म्हणजे ही आणखी एक नोंद.
मी पेनचं टोपण काढतो, परत लावतो.

इंदुमती पायली भरते.
काठाला आली तरी हात थांबत नाही,
वर ओतते, अजून ओतते,
टोक होतं, टोकावरून दाणे घरंगळतात,
तेव्हा कुठे सगुणा ओटी पसरते.
मला दिसतो काठ.
काठापर्यंत मासळीचा मोबदला, ठीक.
त्यावरचं काय?
मोबदल्यात धरलं तर त्याचीही किंमत आली.
न मागता दिलं, बदल्यात काही घेतलं नाही,
तर ती भेट, तिला वेगळा नियम.
कुठली तरी रेघ मला ओढता यायला हवी
त्या दाण्यांमधून.

"शीग कशाबद्दल देता?" मी विचारतो.
"कायबद्दल म्हनजे?
शीग नाई देल्ली तं तिले पायली कोन म्हनंल?"

सगुणा हसते. पट्टा फटफटत राहतो.

संध्याकाळपर्यंत उत्तर तयार होतं.
'सदर कोंडा हा भरडाईचा मोबदला असून
मूल्य सोबतच्या तक्त्याप्रमाणे.'
तक्ता मीच केला, भाव मीच लिहिले,
भाव लिहिताना तेलवाल्याच्या ट्रकवाल्याला फोन केला.
इंदुमतीनं सही केली, शाळेतल्यासारखी,
ओळीवर नीट बसवून.
शिगेबद्दल त्यात काही नाही.
साहेबानं विचारलेलं नाही.

मग तिनं माझी पिशवी आणली.
अकरा वर्षं आणते. पाच पायल्या, नवा तांदूळ.
"तुमची फी," म्हणते, आणि मी दरवेळी
"कशाला, राहू द्या," म्हणत
टाकीवर बांधून घेतो.
वस्तूत मिळालेलं उत्पन्न हेही उत्पन्नच,
हे मी अर्ध्या तालुक्याला सांगितलंय.
माझ्या स्वतःच्या विवरणात
अकरा वर्षांत तांदळाचा एक दाणा नाही.

रात्री घरी वर्तमानपत्र पसरून मोजलं.
काठाशी हात फिरवून, सपाट.
पाच झाल्या
आणि वर गंजभर उरला.

पाचांची किंमत लिहिली, आजच्या भावानं.
जुन्या वर्षांचं काय करायचं ते उद्या बघू.
गंज तसाच आहे टेबलावर, कॅल्क्युलेटरजवळ.
बायकोनं दोनदा विचारलं,
भाताला घेऊ का यातले?

थांब, म्हणालो.