पडण्याचे पैसे

त्या हिवाळ्यात मी तार्तू शहरात पडायचो.
तासाला नऊ युरो, बटाटे विद्यापीठाचे.
नाटक शिकत होतो, त्यामुळे घोटा कसा मुरगळायचा
हे कुणी शिकवावं लागलं नाही.
कण्हणं मात्र बेतानं, लेम्बी म्हणाली होती,
फार कण्हलास तर लोकांना संशय येतो.

लेम्बी समोरच्या बेकरीत, काचेमागे,
कॉफी निववत, स्टॉपवॉच घेऊन.
मी पुलाच्या उतारावर.
पिशवी फाटायची, बटाटे घरंगळत जायचे
थेट गोठलेल्या नदीच्या काठापर्यंत.
मग वाट पाहायची. एवढंच काम.

माणसं बघावीत तर आडवं पडून.
खालून चेहरे दिसत नाहीत, बूट दिसतात,
आणि बुटांना आव आणता येत नाही.
एकटी जोडी थबकते, वळते, येते. सहा सेकंद. सात.
पण बारा-पंधरा जोड्या एकदम आल्या
की प्रत्येक जण शेजारच्याकडे बघतो:
हा घाबरलेला नाही, म्हणजे घाबरण्यासारखं नसेल.
आणि तोही ह्याच्याकडे बघून
तेच ठरवत असतो.
अशी सगळे एकमेकांकडून उसनी घेतात शांतता,
जी मुळात कुणाकडेच नसते.
दुष्ट कुणी नव्हतं. हे लिहून ठेवतो.
सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही, इतकंच.
सर्वात लांबलं ते एकशे चाळीस सेकंद.
गाल बर्फाला चिकटला होता.

मंगळवारी एक म्हातारी आली. सालमे, हे नाव नंतर कळलं.
नऊ सेकंद. मला उठवलं, बटाटे वेचले,
एक हातात घेऊन म्हणाली, हा आतून सडलाय, टाक.
गुरुवारी पुन्हा तीच. अकरा सेकंद, कारण हातात काठी.
उठवताना तिनं माझ्याकडे पाहिलं,
बटाट्यांकडे पाहिलं,
मग बेकरीच्या काचेकडे.
बोलली काहीच नाही.

शनिवारी आम्ही पोचलो तर उतारावर वाळू.
कठड्यापासून दिव्याच्या खांबापर्यंत,
आणि ती रिकामी बादली उपडी करून
तळाची उरलीसुरली झटकत होती.
त्या जागी आता पडणं शक्य नव्हतं,
निदान खरं वाटेल असं.

लेम्बी चिडली, मग हसली, मग तिनं फॉर्म काढला.
तुम्ही मदत का केलीत? पाच चौकोन:
दया, कर्तव्य, श्रद्धा, लोक बघत होते, इतर.
सालमेनं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग म्हणाली, लेम्बीला नाही, मला:
मी आठ वर्षांची होते. मार्च महिना.
रात्री शेजारच्या दाराशी ट्रक आला.
अख्खी गल्ली जागी होती.
आमच्या घरचे पडदे फार चांगल्या कापडाचे होते.

पुढे काही नाही.
तिनं 'इतर'वर खूण केली आणि रेघेवर लिहिलं:
वाळू घरात होती.

प्रबंधात ती सापडणार नाही. तळटीप आहे,
बारीक अक्षरात: एक नोंद वगळली.

ह्याला आता वर्षं झाली. नाटक सुटलं,
मी टॅलिनमध्ये छताचे दिवे विकतो.
वाटायचं, जो इतक्यांदा पडला
त्याला तरी कळेल.
परवा ट्रामच्या थांब्यावर एक माणूस कोसळला,
हातातल्या डब्यासकट. सूप बर्फावर वाफाळत राहिलं.
आम्ही आठ-नऊ जण होतो.
मी धावलो. हो, सगळ्यांच्या आधी मीच धावलो,
एका बाईनं नंतर माझा हात दाबला,
डोळ्यांत पाणी होतं तिच्या.
तिला कसं सांगणार,
पहिलं पाऊल उचलण्याआधी
मी मोजत होतो.
एक. दोन. तीन.
चार.