साडेपाच

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीच्या माडीवर,
हिशेबाच्या खोलीत संध्याकाळपासून बिल्ड लावलाय.
बॅटरी मेलेला लॅपटॉप, त्याखाली दोन पुठ्ठे,
टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

तयार पुडकं मिळतं, एका ओळीत उतरतं.
पण मला सोर्सपासूनच हवं होतं.
बांगडा कापलेला घ्यायचा नाही, कल्ले उघडून बघायचे,
ही आईची शिस्त.

सदतीस टक्क्यांवर वीज गेली.
खाली कॉम्प्रेसर थांबला आणि इतकं शांत झालं
की जेटीला घासणारे टायर ऐकू आले.
मग अर्धवट फायली पुसून पुन्हा पहिल्यापासून.
कुठल्याशा थंड गावांतून, नाव न पाहिलेल्या माणसांनी
फुकट लिहून ठेवलेलं
ओळीओळीने पडद्यावर सरकत गेलं,
मधेच एखादी पिवळी ताकीद, कुणीच न ऐकलेली.

पहाटे तीनला चाचण्या.
दोन हजार एकशे चार. हिरवी, हिरवी, हिरवी,
एक लाल.
तीनदा चालवली. तीनदा लाल.

कोड उघडला.
जगाच्या घड्याळापुढे कोण किती तास, हे मोजताना
लिहिणाऱ्याने पूर्णांक धरला होता.
आमचे साडेपाच. त्याने पाच केले.
आठ वर्षं तो अर्धा तास तसाच पडून,
कारण ज्यांनी चाचण्या चालवल्या
त्यांची घड्याळं पुऱ्या तासांची.

दाजी गिरप बर्फ न्यायला आले, दारात थांबले.
"काय गो, अजून निजाक नाय?"
म्हटलं, अर्धा तास हरवलाय, तो शोधतेय.
त्यांनी खिडकीतून पाण्याकडे बघितलं.
"आज अष्टमी. आठाची पाऊणकी सहा. सहाक भरती.
माका पावकी-निमकी छडी मारून शिकवल्यानी.
तुझ्या ह्या मशिनीक कोणी शिकवूक नाय?"

नाही शिकवलं, दाजी.

पूर्णांक काढला, मिनिटं घातली.
नवी चाचणी लिहिली: आपली साडेपाच,
आणि नेपाळची पावणेसहा, शेजारधर्म म्हणून.
तिचं नाव काय ठेवावं यातच दहा मिनिटं गेली.
मग गावाचंच दिलं.
कुणीतरी विचारेल, हे काय, उच्चार कसा करायचा.
विचारू दे.

आता पुन्हा सगळ्या चालल्यायत, बाराशेवर आल्या.
खाली लादी फोडल्याचा आवाज.
पाणी जेटीच्या तिसऱ्या पायरीवर.
पंखा थोडा माझ्याकडे वळवते.