पाणी तोडल्यावर

ऑक्टोबरात आम्ही एका रात्रीपुरतं पाणी तोडतो.
लोवेलचा कालवा मग दिसतो
कवळी काढून, आ वासून झोपलेल्या म्हाताऱ्यासारखा.

गमबूट चढव, व्हिराक. गाळ गुडघ्याच्या वर येतो.
दोन सायकली, सुपरमार्केटची ढकलगाडी,
कुणाचा तरी लग्नाचा अल्बम.
तो राहू दे.

तळाचे दगड बघ, आयरिश मजुरांनी बसवलेले.
नाव कुणाचंच नाही.
एकावर फक्त पंजाएवढा खळगा आहे,
दर वर्षी मी त्यात हात ठेवून बघतो.
बसत नाही.

माझी पणजी ओडिल क्वेबेकहून आली, चौदाव्या वर्षी.
घंटेवर उठली, घंटेवर जेवली,
मागांच्या खडखडाटात ओठ वाचायला शिकली
आणि म्हातारपणी, शांत स्वयंपाकघरातसुद्धा
तोंड मोठं करून, आवाज न काढता बोलायची.
आम्हा पोरांना हसू यायचं.

पाण्याच्या रंगावरून कळायचं म्हणे
आज कुठलं कापड: कधी निळं, कधी विटकरी.
कापसाच्या गासड्यांना मात्र रंग नव्हता.
तिच्याही आधी त्या कुणाच्या पाठीवरून आल्या
हे गिरणीत कुणी काढत नसे.

आता तिच्या खात्यात लोक राहतात.
उघड्या विटा, उंच खिडक्या,
भाडं त्या विटांचंच.
पलीकडे संग्रहालयात थोडे माग चालू ठेवलेत,
दारातच कानात घालायला बोळे देतात.
ओडिलला कुणी दिले नव्हते.

तुझी आजी या शहरात सोल्डरिंग करायची ना,
संगणकाच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत?
दर ऑक्टोबरात पुलावर येते,
खाली बघत नाही,
एवढंच विचारते: पाणी कधी सोडणार?

मला वाटायचं, तिला वास सहन होत नसेल.
गेल्या वर्षी तू सांगितलंस:
तिनंही एक कालवा खणलाय, तिकडे कंबोडियात,
बंदुकीच्या धाकानं, टोपलीनं माती उपसत,
शेजारी बहीण होती तोवर बहिणीबरोबर.
त्यात पाणी आलंच नाही.

उजाडतंय. चल, वर ये.
चाक डावीकडे. जड आहे, अंगानं लोट.
पहिलं पाणी तपकिरी येतं, घाबरू नकोस.
अजून थोडं उघड.
ती पुलावर आहे,
तिला ऐकू गेलं पाहिजे.