कडू हवंय

जानेवारीचा दुसरा आठवडा.
सिस्टर फिलोमिनाच्या वहीत एवढंच:
नारंज. आत्ताच. फेब्रुवारीत साल पोकळ होते.
वही माझ्याकडे, सिस्टर मंगळूरला,
गुडघे बदलून, मुलीच्या तिसऱ्या मजल्यावर.

रुवीच्या बाजारात मी विचारत फिरते,
कडू संत्री आहेत का?
कुंजुमोन दुखावतो.
चेची, माझ्याकडे कडू? कधी दिलंय?
फोड कापून माझ्या हातावर ठेवतो,
इजिप्तची, साखरेसारखी.
गोड आहे रे, म्हणूनच नको.
तो रफीकुलकडे बघतो, रफीकुल माझ्याकडे,
जसं आमच्या लॅबमध्ये येऊन कुणी म्हणावं,
ताई, शुगर जरा वाढवून लिहा.

मत्राहला एकाने ग्रेपफ्रूट गळ्यात मारलं.
कडू, पण उथळ.
सीबला मासळीबाजाराबाहेर एक म्हातारी बसते म्हणे,
मंगळवारी. मंगळवारी माझी ड्यूटी.
चौदा वर्षं इथे ज्याने त्याने मला
गोडाचीच हमी दिली,
एजंटने, घरमालकाने, खजुराच्या डब्याने.
एकदा मी आपल्या तोंडाने कडू मागते आहे
तर कुणाकडे माल नाही.

शेवटी शम्सा म्हणाली, सुई टोचता टोचता,
आजोबांकडे आहे एक झाड.
तोडणार आहेत. शुक्रवारी चल.

बिरकत अल मौज.
केळी, खजुरी, सावलीतून जाणारा हातभर पाट,
कुणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी
ते ठरलेलं, बापजाद्यांपासून.
हमूद आजोबांनी काठीने झाड दाखवलं,
ओळख करून द्यायची लाज वाटावी तसं.
हे आम्ही लावलं नव्हतं.
लावलं ते वरचं, गोड, कलमाचं.
दोन उन्हाळे पाट आटला, ते वाळून गेलं.
मग खुंटातून हे आलं.
आधीपासूनच होतं. खाली.

कलमाचं मला काय सांगायचं, माझं माहेर देवगडचं.
गाठीखाली फुटवा दिसला
की बाबा कोयतीने उडवायचे.
मुळाचं खातो, म्हणायचे, आणि देत काही नाही.
इथे गाठ होती, जुनी, वाटीएवढी,
तिच्या वर काही नाही,
तिच्या खालून काटेच काटे
आणि त्यात दीडशे-दोनशे फळं,
कुणी हात न लावलेली.
एकाला नख लावलं.
वास आला तो थेट डोळ्यांत.

दहा ठेव गं! घरातून आजी ओरडली,
मासळीवर पिळायला!
आजोबा म्हणाले, हिच्या दहांपायीच
अजून उभं आहे.

सहा किलो.
साल केसासारखी नको, काडीसारखी.
बिया फेकू नयेत, याखाली सिस्टरने दोन रेघा मारल्यात.
जुन्या ओढणीच्या पुरचुंडीत बिया, रात्रभर पाण्यात.
सकाळी पाणी बुळबुळीत, चिकट.
मग साखर, सांगायला लाज वाटेल इतकी,
फळाच्या दुप्पट.
फ्रीजरमधली बशी, तिच्यावर थेंब,
बोटाने ढकलला की सुरकुती पडली पाहिजे.
तिसऱ्यांदा पडली.
समोरच्या फ्लॅटची बाई विचारून गेली,
काही जळतंय का?
जळत होतं. तळाशी, थोडं.
तेही बरणीत भरलं.

पुढच्या शुक्रवारी आजोबांनी
रोटीच्या तुकड्यावर बोटभर घेतलं.
गोड, म्हणाले.
निकाल सांगावा तसं.
कॉफीचा फिंजान हातात हलवला,
म्हणजे पुरे.
मी चटईची वीण मोजत बसले.

मग त्यांचं चावणं थांबलं.
एक भुवई वर गेली, तिथेच राहिली.
नाही. आहे.
मागून आलं.

आणि फिंजान पुन्हा पुढे केला,
न हलवता.
शम्साने ओतलं.
झाडाचा विषय कुणी काढला नाही.