मोसंबीवरचा दोरा

आश्रुबाची लेक टोरांटोला निघाली त्या रात्री
जालन्याच्या स्टँडासमोर, रसाच्या गाड्याशी,
त्यानं फोनवर विमानाची रेघ दाखवली.
"सर, हे सरळ काहून जाईना?
वर बर्फाकडून वळसा घालायलंय.
तेल फुकटचंय का?"

मी त्याचीच एक मोसंबी घेतली,
दोन टाचण्या खोचल्या, मधे दोरा ताणला.
दोरा आपसूक देठाकडे सरकला.
"मंजे नकाशाच वाकडा."

मग रस काढता काढता:
"आन् विमान नुस्तं वर थांबलं असतं तर?
जमीन फिरतीच की.
टोरांटोच खाली आलं असतं."

अंबडच्या एस.टी.त माशी उडते, म्हटलं,
खिडक्या बंद. मागच्या काचेवर आदळते का?
हवाही आपल्याच गाडीत बसलीय, आश्रुबा.
फक्त फार उंचावर एक वारं
गाडीच्याही पुढं पळतं, उगवतीकडं.
जाताना तोंडावर, येताना पाठीशी.

"किती फरक पडतो?"
"तासभर. कधी दीड."

त्यानं ग्लास विसळला.
विसळलेलाच पुन्हा विसळला.
"मंजे यायला कमी लागतंय."

ती मोसंबी त्यानं पिळली नाही.
तराजूमागं ठेवली,
टाचण्या, दोरा, सगळं तसंच.