लाल ठिपका

एकात सावल्या आपोआप पडतात,
मशाल सरकली की भिंतही सरकते.
दुसऱ्यात धुकं, गडगडाट, डॉलरमध्ये भाडं.
तिसरं फुकट. नुसत्या चौकटी,
राक्षस म्हणजे एक लाल ठिपका.

सातपूरच्या खोलीत रात्री दीडला
तिन्ही उघडून बसलोय.

ओजस डब्लिनला. मुमताजला तिसरी पाळी.
आणि निनादचा लॅपटॉप: सावली पडली की
पंखा किंचाळतो आणि निनादच गडप.

पूर्वी गंगापूर रोडला, केतकीच्या गच्चीत,
कॅलेंडरच्या पाठीवर पांडवलेणी काढायचो.
द्राक्षाचे मणी म्हणजे पिशाच्चं,
मारेल त्याने खायचं.

लाल ठिपकाच घेतला.
शनिवारी निनाद पहिल्यांदा शेवटपर्यंत टिकला.
फासा मात्र तो अजून खराच टाकतो,
स्टीलच्या ताटलीत.
आम्हाला फक्त खणखण ऐकू येते.
तो म्हणेल तो आकडा.